सुनेचा मसाला

अंजनाबाईच्या खानावळीत मटण शिजत आलं की आतल्या खोलीचं दार लागायचं. भाजणं, वाटणं, कुटणं सगळं बाहेर, गिऱ्हाइकांच्या डोळ्यांदेखत. पण शेवटचा मसाला एकत्र करून रश्श्यात सोडायचं काम दाराआड. आणि दाराआड जायचा हक्क घरच्या सुनेचा. लेकीचा नाही. लेक परक्या घरी जाते, तिच्याबरोबर मसालाही जातो आणि मग पलीकडच्या गल्लीत जावयाची खानावळ उभी राहते, असा त्या घराचा पिढीजात हिशेब होता.

हिशेब चुकीचा नव्हता, जुना झाला होता. अंजनाबाईची लेक प्रेमिला परक्या घरी गेली खरी, पण सक्करदऱ्याच्या त्या घरानं तिला परत पाठवलं. नवऱ्यानं दुसरी आणली होती. तेव्हापासून चूल पेटवणं, कांदे चिरणं, मिरच्या भाजताना खोकणं, भाकरी थापणं, उष्टी काढणं हे सगळं प्रेमिलाकडे. तिची वहिनी पुष्पलता हात धुऊन यायची, दार लावायची, दार उघडायची, आणि गिऱ्हाइकं म्हणायची, "पुष्पावहिनीच्या हाताले काय चव आहे, बाप्पा!" मेहनत एकीच्या नावे खर्ची, कौतुक दुसरीच्या नावे जमा.

मी तिथलं नेमाचं गिऱ्हाईक. आमच्या घरी मटणाचं नाव काढायची सोय नव्हती. मी खानावळीत असायचो त्या संध्याकाळी ओव्हरटाइम करतो अशी घरच्यांची समजूत होती, आणि ती मोडायचं मला कारण नव्हतं.

पुष्पलता बाहेर आली की अंजनाबाई एकदा आत जायची, दार उघडंच ठेवून. पदर सावरत झाकण उचलायची, वाकून वास घ्यायची, बाहेर यायची आणि मान हलवायची. मग वाढप सुरू. आम्ही त्याला 'सासूची सही' म्हणायचो. सही झाल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही, हे आम्हा कारकुनांना कोणी शिकवायला नको.

अठ्ठ्याहत्तर साली आमच्या पंगतीतल्याच एका ठेकेदाराला मस्कतला रस्ते बांधायचं काम मिळालं. महिन्याभरात तो परत आला तो गालफडं बसलेला. ताटावरून न उठता त्यानं अंजनाबाईच्या मुलाला हाक मारली.

"गोविंदा, तिथं आपले पोट्टे उपाशी मरून राहिले गा. भाकरीच्या नावानं रबर चावून राहिले. तू अन् सूनबाई दोघं चला. मेस सांभाळा, रानीवानी ठेवतो तिले."

गोविंदानं आईकडे पाहिलं नाही. तेव्हाच मी ओळखलं की हा चालला.

पासपोर्ट झाले, लस टोचून घेणं झालं, लाल रंगाची सुटकेस आली. महाल भागातल्या त्या गल्लीतून आजवर कोणी समुद्रापलीकडे गेलं नव्हतं, त्यामुळे जाणाऱ्याला काय द्यावं हे कोणाला कळेना. परदेश म्हणजे थंडी, एवढं मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक होतं. मस्कतला निघालेल्या त्या जोडप्याला गल्लीनं स्वेटर दिले, मफलर दिले, एकीनं तर पायमोजे विणून दिले. घरोघरी जेवणं झाली. पुष्पलतेची ओटी भरताना बायका डोळे पुसत आणि तिच्या नव्या चपलांकडे बघून घेत.

या सगळ्या गडबडीत खरा प्रश्न विचारला तो बळीरामनं. तो मागावरचा विणकर, जीभ धोट्यासारखी.

"अंजनाबाई, सून चालली. आता दाराआड कोण जाईन वं?"

प्रेमिलाच्या हातातली भाकरी थापता थापता थांबली. मसाला मिळाला तर खानावळ तिची. न मिळाला तर तिनं दुसऱ्या कोणाच्या घरी भाकऱ्या थापायच्या. तिसरा रस्ता तिला नव्हता आणि हे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"पाहू," अंजनाबाई म्हणाली.

"आई, मले सांग न," प्रेमिला हळूच म्हणाली.

"लेकीले सांगत नाही. तुही आजी मले सासू म्हणून सांगून गेली, माय म्हणून नाही." मग जरा थांबून, जणू उपकाराचं दान टाकल्यासारखं, "वहिनी हाये न तुही. सुनेनं जाता जाता नणदेले देल्लं, तं मी कोण अडवणारी?"

त्या दिवसापासून प्रेमिला वहिनीची सावली झाली. तिचे ब्लाउज शिवले, शेंगदाण्याची न् जवसाची चटणी कुटून डबे भरून दिले, टोचल्यावर ताप आला तेव्हा उशाशी बसली. बळीराम म्हणायचा, "एवढी सेवा सासरी केली असती तं राहून गेली असती न वं तिथं." प्रेमिला हसायची. तेव्हा तिला हसणं परवडत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी नणंद-भावजय आत गेल्या आणि दार लागलं. गोविंदा सुटकेस दोरीनं बांधत होता, मी गाठ धरली होती. दार उघडलं तेव्हा प्रेमिलाचा चेहरा नुकतंच नवं नाव ठेवलेल्या नवरीसारखा होता. ओठ हलत होते. ऐकलेलं ती मनात घोकत होती.

स्टेशनवर सगळी गल्ली लोटली होती. पुष्पलता प्रेमिलाच्या गळ्यात पडली. "बाई, काही ठेवलं नाही हो मी. जेवढं होतं, तेवढं सगळं सांगितलं." प्रेमिला तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सगळे रडत होते. एकटी अंजनाबाई कोरडी.

"दोन वर्सानं येतो, आई," गोविंदा पाया पडत म्हणाला.

"येशील," ती म्हणाली. "त्याच्या आधीच यावं लागीन तुले."

मुलाला निरोप देणाऱ्या आईच्या तोंडी एवढी खात्री मी कधी ऐकली नव्हती. मला वाटलं, म्हातारी मनाची समजूत घालते आहे. माणसं जोखायचा गर्व होता मला. त्या दिवशी माझं माप चुकलं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेलो. गल्लीतले निम्मे तरी आले होते. प्रेमिलानं धुतलेलं लुगडं नेसलं होतं. मटण शिजत आलं, ती उठली, आत गेली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिनं ते दार आतून लावलं. कडीचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

थोड्या वेळानं अंजनाबाई सवयीनं उठली.

"आई, दार नाही उघडत मी आता," आतून आवाज आला. "ताटं मांड. मीच घेऊन येतो गंज बाहेर."

"अवं, एकदा पाहून तं घेऊ दे."

"आज माही सही," प्रेमिला म्हणाली, आणि आम्ही हसलो.

अंजनाबाई हसली नाही. मूठ पदराखाली धरून ती दारासमोर उभी राहिली, परत बसली, पुन्हा उठली. मग दार उघडलं, आणि प्रेमिला उकळत्या रश्श्याचं ते मोठं पातेलं, तो गंज, दोन्ही हातांनी धरून थेट आमच्या पंगतीत आली.

रस्सा तिखट होता, वर तेलाची तर्री बोटभर होती, रंगही तोच. पण लग्नात सगळे वऱ्हाडी यावेत आणि नवरदेवच येऊ नये, तसं काहीतरी झालं होतं. नेहमी तीनदा रस्सा मागणारे एकदाच मागून थांबले.

"प्रेमिलाबाई, मिरची नवी आणली का वं?" बळीरामनं विचारलं. त्याच्यासारख्या माणसानं एवढ्या मऊ आवाजात बोलावं, यातच निकाल आला.

पंगत उठली. मी हात धुवायला मागे मोरीवर गेलो आणि तिथंच रेंगाळलो. प्रेमिला गंजात पळी घालून पुन्हा पुन्हा चाखत होती.

"दगा केला वहिनीनं," ती म्हणाली. "गळ्यात पडून रडली अन् खोटं सांगून गेली. देव पाहून घेईन तिले."

"तिले नको नावं ठेवू," अंजनाबाई म्हणाली. "तिले जेवढं मालूम, तेवढं तिनं देल्लं."

"मंग?"

अंजनाबाईनं पदराखालची मूठ पुढे केली आणि उघडली. तळव्यावर चिमूटभर पूड होती. कशाची, ते मला आजही माहीत नाही.

प्रेमिलाला उमजायला वेळ लागला. मला तिच्याआधी उमजलं. झाकण उचलणं, वाकणं, वास घेणं. रोज आमच्या नाकासमोर झालेली ती सही.

"म्हणजे तिले बी नव्हतं सांगितलं?"

"कोणालेच नाही."

"रोज ते दार लागत होतं, मी बाहेर बसून राहत होती. अन् त्या दाराआड काहीच नव्हतं?"

"ओरडू नको. गोविंद्यासाठी ठेवलं मी ते. तिथं रस्सा जमणार नाही, ठेकेदार बोंबलीन, मंग येईन न तो परत. सगळं बांधून देल्लं असतं तं म्हातारीकडे यायले त्याले राहिलं काय असतं?"

"तो जाऊन राहिला होता. वहिनी जाऊन राहिली होती." प्रेमिलाचा आवाज अगदी खाली आला. "मी तं कुठंच जात नव्हती, आई. मले काहून नाही देल्लं?"

अंजनाबाईला हा प्रश्न खरोखरच कळला नाही. तिनं लेकीकडे नवलानं पाहिलं.

"तू कुठं जाणार वं?" ती म्हणाली. "तू तं हायेच."

मोरीवरचा नळ मी कधीचा बंद केला होता. आता खोकावं की जावं, ते सुचेना.

"घे," म्हातारी पुढे सरकली. "आता सांगतो न तुले. कान इकडे कर."

प्रेमिलानं आईचा हात धरला. मला वाटलं, झालं, मिटलं. तिनं ती पूड सांडू न देता आईच्याच पदराच्या टोकात ओतली, गाठ मारली, ओढून घट्ट केली.

"ठेव," ती म्हणाली. "तो येईन, तेव्हा त्याले दे."

त्यानंतर त्या घरात दार लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून प्रेमिला बाहेरच्या चुलीवर, सगळ्यांदेखत, आपल्या अंदाजानं मसाला घालू लागली. काही गिऱ्हाइकं गेली, काही राहिली, मी राहिलो. नवरदेव आला नाही तरी वऱ्हाडी जेवून जातातच.

अंजनाबाई उंबऱ्यावर पाय पसरून बसायची. पदराची गाठ बोटांत फिरवायची आणि चुलीवरच्या गंजाकडे पाहत राहायची. एकदा, ऐन गर्दीत, ती आपण होऊन म्हणाली, "प्रेमिले, पाहू का वं एकदा झाकण उचलून?"

प्रेमिला गंज घेऊन पंगतीकडे निघाली होती. ती थांबली, पण आईच्या हाताकडे तिनं पाहिलं नाही.

"आई, पाय आत घे," ती म्हणाली. "रस्सा गरम आहे."