मालकांचं सोयर

अंकिताला नोकरीवरून काढल्याचं पत्र रजिस्टर पोस्टानं आलं. पाठवणारे हंबीरराव तिच्या घरापासून तिसऱ्या दारात राहायचे. त्यांनी खिडकीतून हाक मारली असती तरी तिला ऐकू गेली असती. पण काम कायद्यानं करायचं म्हणून ते पाकीट आधी पलूसला गेलं, मग आणखी कुठंकुठं फिरलं आणि पाचव्या दिवशी पोस्टमनच्या पिशवीतून परत त्याच गल्लीत आलं.

पत्रात लिहिलं होतं की आपण कोणतीही पूर्वसूचना न देता गैरहजर आहात, सबब आपणांस नोकरीची गरज नाही असे समजून आपले नाव हजेरीपटावरून कमी केले आहे. अंकितानं ते दोनदा वाचलं. मांडीवर तीन महिन्यांची लेक होती, तिनं वाचायची वाट न बघता पत्राच्या कोपऱ्यावर दूध ओकून ठेवलं.

अंकिता हंबीररावांच्या डेअरीत चार वर्षं दुधाची फॅट तपासायची. रसायनशास्त्राची पदवीधर. दुधात पाणी घालणाऱ्याला ती नुसत्या कॅनच्या झाकणावरून ओळखते, असं गावात बोललं जायचं. तिनं एकदा खुद्द हंबीररावांच्या मेव्हण्याचं दूध परत पाठवलं होतं. नवरा वीरधवल फौजेत, तिकडं आसामला. घरात ती आणि सासू बनुबाई. नोकरी गेली तर दिवसभर चूल आणि सासू एवढंच उरणार होतं, आणि दोन्हीचा धूर तिला सोसत नव्हता. हे ती उघड कुणाला म्हणत नसे, पण खरं तेच होतं.

आणि अर्ज तिनं दिला होता. सातव्या महिन्यात, दोन प्रती करून. कारकून नानासोनं एक प्रत ठेवून घेतली आणि दुसरीवर पोच मागितल्यावर तो दुखावलाच. "आवं वैनी, तुमी मालकांच्या भावकीतल्या. घरच्या माणसाला कसली पोच?" तिलाही वाटलं, खरंच कसली. वीरधवलचे आजोबा आणि हंबीररावांचे वडील सख्खे भाऊ. असल्या नात्यात शिक्का मागणं म्हणजे जेवायला बसल्यावर वाढणाऱ्याकडं पावती मागण्यासारखं. ती निवांत माहेरी औंधला गेली आणि तिथंच बाळंत झाली.

आता ती पत्र घेऊन हंबीररावांच्या ओसरीवर गेली. ते पेपर वाचत होते.

"तात्या, हे काय हाय?"

"ते व्हय? ते ऑफिसचं हाय. तू मनाला लावून घिऊ नगंस." हंबीरराव पेपर न हलवता म्हणाले. "लेकरू मोठं कर. दोन-तीन वर्षांनी बघू. आता तितं साडूच्या पूजाला घेतलीया."

"पण सव्वीस आठवड्यांची रजा असते. रजेवरच्या बाईला काढता येत न्हाई. कायदा हाय तसा."

"सरकारी नोकरीत असंल. हितं घरचं काम. तू कामगार हायस का? तू आमची सून हायस." हे त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की अंकिताला क्षणभर आपणच चुकलो की काय असं वाटलं. घरी येईपर्यंत ते वाटणं उतरलं आणि त्या जागी राग आला, चांगला सणसणीत.

तिनं सांगलीच्या कामगार कार्यालयात तक्रार दिली. बनुबाईंनी दोन आठवडे तोंड फुगवलं. "भावकीत कागद करत्यात व्हय? उद्या हळदीकुंकवाला कोण बलीवणार न्हाई आपल्याला." तिसऱ्या आठवड्यात मात्र हंबीररावांचं लेखी उत्तर आलं आणि अंकितानं ते सासूला वाचून दाखवलं. त्यांच्या सल्लागारानं लिहिलं होतं: अर्जदार बाई गरोदर होत्या अथवा त्यांना अपत्य झाले याची आस्थापनेस कोणतीही माहिती नव्हती. प्रसूती परगावी झाली असल्याने माहिती असण्याचे कारणही नव्हते.

"म्हंजी?" बनुबाई म्हणाल्या.

"म्हंजी तात्यांना बाळ झाल्याचं ठाऊकच न्हाई."

बनुबाईंनी नातीकडं बघितलं, मग दारातून तिसऱ्या घराकडं. "हिच्या बारशाला ह्यो माणूस चार वाट्या बासुंदी प्यालाय," त्या म्हणाल्या आणि सुनावणीला आपण येणार असं परस्पर जाहीर करून टाकलं.

बासुंदीचा पुरावा कुठून आणायचा हा प्रश्न होता. बारशाच्या फोटोत हंबीरराव नव्हते, ते पंगतीत रमले होते. सुनावणीच्या आदल्या दुपारी अंकिता फोनवर डेअरीचा ग्रुप चाळत बसली. फॅटचे दर, कॅन हरवल्याच्या तक्रारी, गुड मॉर्निंगची फुलं. चाळता चाळता ती लेकीच्या जन्माच्या आठवड्यात पोचली आणि तिथं थांबली. पुन्हा वाचलं. मग उठून तिनं कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडं जाऊन तिथल्या एका नोटिशीच्या तीन प्रती काढल्या.

सांगलीला हंबीरराव इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत आले होते. सोबत सल्लागार, नानासो आणि किलोभर पेढे. अधिकारी मॅडमनी पेढ्यांचा खोका हातानं टेबलाच्या कडेला सरकवला आणि नानासोच्या मांडीवर जाऊ दिला. तो सुनावणी संपेपर्यंत तिथंच राहिला.

"संस्थेला माहिती नव्हती, हेच तुमचं म्हणणं?" मॅडमनी विचारलं.

"हो, त्यावर आम्ही कायम आहोत," सल्लागार म्हणाला.

अंकितानं झेरॉक्स पुढं केला. डेअरीचं लेटरहेड, खाली गोल शिक्का, नानासोची सही. मॅडमनी मोठ्यानं वाचलं. "सर्व दूध उत्पादक व कर्मचारी यांस कळविण्यात येते की, मालकांना भावकीत सोयर आल्याने पनीर विभागाचे उद्घाटन व सत्यनारायणाची पूजा बाराव्या दिवसानंतर होईल." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "मूल जन्मलं की घराण्यात पाळतात, तेच ना हे? कुणाचं मूल?"

सल्लागार त्या गावचा नव्हता, भावकीतली घरं त्याला ठाऊक नव्हती. त्यानं हंबीररावांच्या कानाशी लागून सगळ्यांना ऐकू येईल असं सांगितलं, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्या.

हंबीररावांनी तोंड उघडलं. भावकीतली घरं त्यांनी मनातल्या मनात फिरून बघितली असावीत, पण त्या महिन्यात पाळणा एकाच घरात हलला होता. मग ते म्हणाले, "तसं सोयर न्हवतं खरं. पनीरचं मशीन आलं न्हवतं. म्हटलं, लोकांना कायतरी कारण सांगावं."

"भावजी," बनुबाई मागच्या खुर्चीवरून बोलल्या. आवाज अगदी साधा होता. "मग धा दिवस तुमी देव्हाऱ्याला हात लावला न्हाईसा. देवाची पूजा आमच्या गुरवाकडनं करून घेतलीसा. ते देवालाबी मशीनचं कारण सांगितलंसा का?"

हंबीररावांनी आयुष्यात दूध संघाला, बँकेला आणि दोन आमदारांना गंडवलं होतं आणि त्यांची झोप कधी उडाली नव्हती. पण सोयर खोटं होतं म्हणायचं म्हणजे पोर आपल्या कुळातली नाही म्हणायचं, आणि तेही तिच्या आजीसमोर. नानासो पेढ्यांच्या खोक्याची दोरी सोडून परत बांधत होता.

"हिचंच," हंबीरराव अखेर म्हणाले. "हिच्याच पोरीचं. आमचीच नात हाय ती."

"म्हणजे माहिती होती," मॅडम म्हणाल्या आणि लिहायला लागल्या.

नोकरी परत मिळाली, रजेसकट. बाहेर जिन्यात हंबीरराव अंकिताला म्हणाले, "घरची म्हणून गप बसलो, न्हाईतर..." अंकिता म्हणाली, "घरची म्हणून सोयर पाळलंत तात्या, तसंच कामाची म्हणून रजा पाळायची." बनुबाईंनी जाताना नानासोकडून पेढ्यांचा खोका घेतला. नातीच्या नावानं वाटायचे राहिले होते म्हणाल्या.

रजा संपल्यावर अंकिता कामावर गेली. फॅट मशीनपाशी पूजा बसली होती, तिला पनीर विभागात जायला सांगितलं होतं. गुणाची पोरगी. लग्नाला वर्ष झालेलं. तिनं खुर्ची रिकामी केली, पण जाईना. दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाली, "ताई, मला तिसरा लागलाय. मालकांना कळलं तर काढतील. मी तर त्यांच्या भावकीतबी न्हाई."

"कशावरनं काढतील?"

"कामावर घेताना लिहून घेतलंय माझ्याकडनं. दोन वर्षं मूल होऊ देणार न्हाई म्हणून. सही केलीया मी." तिचे डोळे भरले. "खाली मालकांचीबी सही हाय."

अंकितानं हातातला नमुन्याचा पेला खाली ठेवला.

"शिक्का?"

"व्हय. गोल."

"तो कागद हाय तुझ्याकडं?"

"झेरॉक्स हाय. फाडून टाकू का?"

"फाडशील तर बघ," अंकिता म्हणाली आणि पूजाला परत खुर्चीत बसवलं.