बेलिसारियोचं मळणीयंत्र

ट्रान्सितोच्या जवाची पोती बेलेननं परत आणली, तेव्हा सगळी वस्ती बघत होती. बेलेनची खाली रिओबांबा शहरात बिअरची छोटी भट्टी होती. जव घ्यायचा तो आपल्या डोंगरातल्या बायकांकडूनच, असा तिचा हट्ट. पोती उतरवताना तिचाच चेहरा पडला होता.

"मावशी, जव टपोरा आहे, पण भिजवला की निम्म्याला मोडच येत नाहीत. मोड नाहीत तर माल्ट नाही. मग बिअर कशाची करू?"

ट्रान्सितोनं मूठभर दाणे उन्हात धरले. कितीतरी दाण्यांची टोकं तडकली होती, साल निघाली होती. भाजून पीठ करायला असला दाणा चालतो, म्हणून आजवर कुणी तो असा निरखलाच नव्हता.

"यंत्रानं मारलाय," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी नेशील?"

"दाणा जिवंत असला तर नक्की."

मळणीचं यंत्र ट्रान्सितोच्या धाकट्या दिराचं, बेलिसारियोचं. वस्तीत तेवढं एकच. त्या वर्षी ट्रान्सितो आणि तिची मुलगी नेलिदा दुधात कालवून जवाचं पीठ खात राहिल्या आणि पुन्हा जवच पेरला.

कापणी झाली, पेंढ्या रचल्या. बेलिसारियो यंत्र घेऊन आला.

"हळू चालव रे."

"हळू? वहिनी, खाली लोक खोळंबलेत. दाण्यांना अंगाई म्हणत बसू का?"

उभे होते ते हसले. ट्रान्सितोनं एक पेंढी आत जाऊ दिली, खाली पडलेले दाणे तळहातावर घेतले. तेच, तडकलेले.

"बंद कर. माझ्या पेंढ्या मी नेते."

"आणि मळणार कशानं, दातांनी?"

"गाढवांनी."

बेलिसारियोनं रागारागानं यंत्र उताराला लावलं.

वरचं जुनं खळं गवतानं भरलं होतं. मायलेकींनी ते खरवडलं, पाणी शिंपडून चोपलं, मधोमध खांब रोवला. एक गाढव घरचं, दोन मागून आणलेली. त्यांना मुसकी बांधली आणि पसरलेल्या पेंढ्यांवरून खांबाभोवती फिरवायला सुरुवात केली. गाढवं चालायची, थांबायची, पुन्हा हाकलावी लागायची. दुपारनंतर चिंबोरासो शिखराकडून ढग उतरले. हाती आलं ते प्लास्टिक, घोंगड्या, सगळं गंजीवर टाकलं, तरी पावसानं खालचा थर भिजवलाच.

"आई, काकाला बोलावू या. एका दमात उरकेल."

"उरकेल. आणि पोती परत येतील."

ऊन पडल्यावर त्यांनी राहिलेलं मळलं. खिंडीतून वारा सुटला तसा उपणलं. भिजलेल्या पेंढ्यांचा जव ट्रान्सितोनं वेगळा काढला.

"मिसळला तर कुणाला कळणार आहे?" नेलिदा म्हणाली.

"बेलेनच्या भट्टीत कळेल. तो आपण खाऊ."

बेलेन मूठभर नमुना घेऊन गेली. मग एका सकाळी तिचा फोन आला. "मावशी, जवळजवळ सगळ्यांना मोड आले."

"मग गाडी पाठव," ट्रान्सितो म्हणाली. फोन ठेवून ती अंगणात टेकली.

पुढच्या हंगामात आणखी काही घरांनी बेलेनसाठी जव पेरला. कापणीच्या वेळी बेलिसारियो आपणहून दारात आला. ट्रान्सितोकडे न बघता म्हणाला, "पट्ट्याचं चाक बदलून घेतलंय, मोठं बसवलंय. पेंढ्या झोडणारा ड्रम आता हळू फिरतो. पण वहिनी, तू हो म्हणेपर्यंत पेंढी देणार नाही, म्हणतात बायका."

"चालव बघू."

एक पेंढी आत गेली. ट्रान्सितोनं दाणे पसरून बोटानं चाळले. फुटके थोडेच होते, पण होते.

"अजून हळू."

"अगं, याहून हळू केलं तर आठवडा जाईल."

"जाऊ दे."

तो काहीतरी पुटपुटला आणि पाना घेऊन यंत्राखाली शिरला. ट्रान्सितोनं दुसरी पेंढी उचलली आणि तो बाहेर येईपर्यंत तशीच उभी राहिली.