नऊ नंबरमधला प्रवासी

वसीला बूशारेब माझी विद्यार्थिनी होती, पुढे माझ्याच विभागात तर्कशास्त्र शिकवू लागली आणि आमच्या खोलीतलं खिडकीजवळचं टेबल तिचं झालं. ती दरीपलीकडच्या पठारावर आईबरोबर राहायची आणि रोज रोपवेने यायची. अल्जीरियातल्या आमच्या त्या डोंगरी शहरात दरी ओलांडायला दुसरा जवळचा रस्ता नव्हता. उतरल्यावर ती स्टेशनबाहेरच्या बाईकडून गरम रव्याची भाकरी घ्यायची, आणि तो रुमालातला वास खोलीत शिरला की आमची सकाळ सुरू व्हायची.

त्या वर्षी रोपवेची जुनी यंत्रणा बदलायचं ठरलं आणि नवा प्रोग्राम तपासायचं काम आमच्याकडे आलं. नुसतं चालवून पाहण्याने भागणार नव्हतं. कुठल्याही ट्रॉलीतल्या कुठल्याही प्रवाशाने लाल दांडा ओढला तर दोर थांबलाच पाहिजे, हे एखादं प्रमेय सिद्ध करावं तसं, प्रत्येक पायरी संगणकाकडून तपासून घेत सिद्ध करायचं होतं. आम्ही सही केली की यंत्रणा बसणार आणि माणसं आमच्या भरवशावर दरीवर लोंबकळणार. वसीलाने सगळा हिवाळा त्यातच घालवला. एकेका ट्रॉलीची सिद्धता रडतखडत पुढे सरकायची. नऊ नंबरची मात्र मी कॉफी ओततोय तोवर पुरी झाली.

"झाली?" मी विचारलं.

"झाली की. उस्ताद, दृष्ट लावू नका."

"इतक्या लाडाने आलेली सिद्धता मला आवडत नाही. उलटं विधान घालून बघ."

तिने घातलं: नऊ नंबरमधल्या प्रवाशाने दांडा ओढला तर दोर थांबत नाही. तेही सिद्ध झालं, तितक्याच चटकन.

वसीला हसली. यातली गोम आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांनाच शिकवतो. या खोलीतली सगळी माणसं उंच आहेत, हे खोटं पाडायला एक बुटका माणूस दाखवावा लागतो. खोली रिकामी असेल तर तो आणणार कुठून? म्हणून ती सगळी उंच आहेत हेही खरं, आणि सगळी बुटकी आहेत हेही खरं. संगणकाच्या लेखी नऊ नंबरमध्ये प्रवासी कधी नव्हताच.

कारणही सापडलं. ट्रॉलीत माणूस आहे की नाही हे आम्ही तळाशी बसवलेल्या वजनकाट्यांवरून धरलं होतं, सकाळच्या पहिल्या फेरीच्या आकड्यांवरून. नऊ नंबरचा आकडा कायम शून्य होता.

"पण पहिल्या फेरीला नऊ नंबरमध्ये मी असते," वसीला म्हणाली. "एकटीच असते."

काटा बिघडला असणार असं समजून आम्ही स्टेशनवर गेलो. तिथले सालेहकाका स्वतः आत बसून बघून आले. "मास्तर, काट्याला काय धाड भरलीय? माझं पोट सुटलंय तेवढं बरोब्बर सांगितलं त्याने." मग वसीला आत बसली. काकांनी आकड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि चहा पिणार का असं विचारलं.

यानंतर जे सुरू झालं ते इतकं बारीक होतं की मी एकटा असतो तर माझ्या लक्षातही आलं नसतं. विभागातली हूरिया वसीलाला म्हणाली, तू कॉफी बिनसाखरेची घेतेस ना. शिपायाने तिच्यासमोर कप ठेवत सांगितलं, नेहमीसारखी गोडमिट्ट केलीय. दोघं शेजारी उभी होती. सोमवारच्या बैठकीत वसीला छान बोलली असं विभागप्रमुख म्हणाले, आणि त्याच बैठकीला ती आली नव्हती म्हणून एकाने खेद व्यक्त केला, तेव्हा विभागप्रमुखांनी मान डोलावली. तिच्या आईनेही फोनवर आधी सांगितलं की पोरगी घरी जेवून निघाली आणि मग, त्याच सुरात, की ती कालपासून घरी आलेली नाही. तिच्या आवाजात काळजी नव्हती.

"उस्ताद, कोणीच भांडत नाहीये," वसीला म्हणाली. "एकाने दुसऱ्याला खोटं पाडायला नको का?"

"तू सोमवारी होतीस की नव्हतीस?"

"तुम्ही सांगा. तुम्हीही होतात ना?"

मी आठवून पाहिलं. ती होती. ती नव्हती. दोन्ही आठवणी स्वच्छ होत्या आणि एकीला दुसरीची अडचण होत नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी स्टेशनच्या फलाटावर उभा असताना पलीकडून तिचा फोन आला. ती नऊ नंबरमध्ये बसली होती.

"मी दांडा ओढतेय," ती म्हणाली. "दोर थांबेल किंवा थांबणार नाही. दोन्हीतलं एक झालं तरी मला पुरे."

"वसीला, आधी इकडे ये. मग बोलू."

"ओढला."

मी वर पाहिलं. दांडा ओढला की लागणारा सालेहकाकांच्या खोलीतला लाल दिवा पेटला नव्हता. चाकं फिरत होती, ट्रॉल्या एकामागून एक येत होत्या.

"थांबला!" तिच्या हसण्यात रडू मिसळलं होतं. "उस्ताद, थांबला! सगळं कसं स्तब्ध झालंय. खाली नदीवर कोणीतरी गालिचे धुतंय. मी सांगत होते ना, मी आहे म्हणून?"

नऊ नंबर फलाटावर आली. दारं उघडली. काकांनी आत डोकावून पाहिलं, "रिकामी आहे, बसा बसा," म्हणत एका बाईला आणि तिच्या सासूला आत बसवलं. सासूने खिडकीजवळच्या जागेवर संत्र्यांची पिशवी ठेवली. ट्रॉली वळून पुन्हा दरीवर निघाली.

"मला उतरवायला कोणीतरी येईल ना?" कानाशी वसीला विचारत होती. तिच्यामागे वारा घोंगावत होता. "फार वेळ नाही ना लागणार?"

"येताहेत," मी म्हणालो.

सालेहकाका हात पुसत माझ्याजवळ आले. "कोणाचा फोन, मास्तर?"

"कोणाचा नाही," मी म्हणालो, आणि आपण खोटं बोललो असं मला वाटलं नाही.