ब्याऐंशी अंश

तीस.

नदीकाठी चुलीवरच्या पातेल्यात ओतलेलं गोदावरीचं पाणी एवढंच कोमट होतं. पाणी हैदरनंच मागितलं होतं, वाळूत गुडघ्यांवर बसून, फुटलेल्या नाकातलं रक्त गिळत. चकलांब्याच्या गॅरेजमधून आप्पाच्या माणसांनी त्याला जीपमध्ये कोंबून आणलं होतं. सोबत त्याचा पान्यांचा डबाही.

काल महसूलचं पथक आलं तेव्हा आप्पाच्या चोरून वाळू उपसणाऱ्या तीन बोटींपैकी दोन निसटल्या. तिसरीचं इंजिन मधल्या धारेत तापून जाम झालं. पथकानं ती जिलेटिननं उडवली. ते इंजिन परवाच हैदरनं दुरुस्त करून दिलं होतं.

"पथकाला कवा फोन केलास बे?" आप्पानं विचारलं.

"न्हाई केला, आप्पा. लेकरांची कसम."

उत्तरेश्वरनं, आप्पाच्या ड्रायव्हरनं, बरगडीत लाथ घातली. आत काहीतरी कडकन. श्वास अर्धाच.

साठ.

बुडबुडे तळाला चिकटलेले. फितूर ठरला तर नदीत जाणार, हे हैदरला कुणी सांगायची गरज नव्हती.

"भंगारातला पार्ट घातलास. मुद्दाम."

"घातला न्हाई, आप्पा. काढला." त्यानं डब्यातून पितळी थर्मोस्टॅट शोधला, वाटीएवढाही नाही. "पाणी तापलं की हे उघडतं, पाण्याला थंड व्हायला रेडिएटरकडं सोडतं. आपल्याकडच्या उन्हात काय कामाचं? म्हून समदे मिस्त्री काढून फेकतेत. मला उस्तादनं हेच शिकवलं. पर ह्या इंजनात हे नसलं की गरम पाणी आतल्या आतच फिरतं. जीपमधी तोंड दाबलं तवा ध्यानात आलं."

"लई लवकर आलं," आप्पा म्हणाला. माणसं हसली.

"पार्ट चांगला हाय. बघा."

त्यानं तो पाण्यात सोडला.

ब्याऐंशी.

आकडा त्याच्या कडेवरच कोरलेला. सगळे वाकले. मधली चकती हलली, सरकली, उघडली. एका बोटाची फट.

"चांगला हुता, तर काढलास कावून?"

"सवयीनं."

"सवयीनं!" आप्पानं त्याचे केस धरून डोकं पातेल्यावर नेलं. वाफ डोळ्यांत. "खरं बोल!"

"आप्पा," उत्तरेश्वर चाचरत म्हणाला, "माझ्या जीपचा बी ह्यानंच काढलाय. दोन वर्सं झाली. मला म्हनला, ठिवू नको, कचरा हाय."

आप्पा थांबला. केस सुटले.

शंभर.

"म्हंजे फितूर न्हाईस," आप्पा सावकाश म्हणाला. "येडा हाईस. माझी बोट येडेपणात गेली." तो बाजूच्या दगडावर बसला. "घरी जा. पर आदी तुझा पार्ट काढ. पान्यानं न्हाई. ज्या हातानं काढला हुता, त्या हातानं."

हैदरनं उत्तरेश्वरकडं पाहिलं. तो नदीकडं बघत होता.

डावा हात आपोआप पुढं झाला.

"उजवा," आप्पा म्हणाला.

बोटं. मनगट. पितळ तळाशी, निसटतंय. पुन्हा. किंचाळी कुणाची हे त्याला नंतर कळलं. तिसऱ्यांदा सापडलं.

तो वाळूत आडवा पडला, मुठीत थर्मोस्टॅट. कातडी पितळेला चिकटून पांढरी निघत होती.

"बाकीच्या बोटींतला बी काढलास का?" आप्पानं विचारलं.

"न्हाई."

"हात नको लावू."

उत्तरेश्वरनं जीप सुरू केली. मग खाली उतरून त्याला काखेत धरून उचललं, आत बसवलं.  गॅरेजसमोर उतरवताना उत्तरेश्वर खालच्या आवाजात म्हणाला,

"उस्ताद, माझ्या जीपला नवा बसवावा लागंल ना?"

हैदरनं होकाराची मान हलवली. "दुसरा मिस्त्री बघ."