रश्मीचा उजवा गुडघा

मी एक एक्स-रे फिल्म. रंगाने काळी, स्वभावाने स्पष्ट. कबड्डीत पडलेल्या पंधरा वर्षांच्या रश्मीचा गुडघा नायगावच्या एका छोट्या दवाखान्यात माझ्यावर उमटला, तो माझा जन्म.

"मोडलंय का?" तिच्या आईने, मीराबाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी मला क्षणभर उजेडात धरलं. "नाही. मुका मार आहे."

मोडलं नव्हतं, एवढं खरं. पण गुडघ्याच्या वर हाडाची कड विरलेल्या पदरासारखी झाली होती. त्याबद्दल मला कुणी विचारलंच नाही. घरी आल्यावर मी गादीखाली गेले. आनंदाच्या बातमीचा पुरावा माणसं असाच जपतात.

मग मालिश सुरू झाली. चाळीत प्रत्येकाकडे एकेक रामबाण तेल होतं. सूज वाढतच गेली.

महिन्याने गादी झाडताना मी सुमेधाच्या हाती लागले. रश्मीच्या भावाची ही नवी बायको, मोजकं बोलणारी. तिने मला खिडकीशी धरलं आणि बराच वेळ पाहत राहिली.

"आई, मालिश थांबवूया. बसल्याजागीही तिचा पाय ठणकतो."

"तू डॉक्टर कधी झालीस गं?"

"नाही ना झाले. म्हणून तर मोठ्या डॉक्टरांना दाखवूया म्हणते."

"वहिनी, चल," रश्मी म्हणाली. "या तेलाच्या वासाने टीममधलं कुणी जवळ बसत नाही."

परळच्या रुग्णालयात डॉक्टर इरावतींनी मला उजेडाच्या पेटीवर लावलं आणि त्या विरलेल्या कडेवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी पूर्ण वाचत होतं. पुढे एमआरआय झाला, सुईने तुकडा काढून तपासला. हाडाचा कर्करोग.

मीराबाईंनी विचारलं, "पाय कापणार?"

"छातीचा स्कॅन स्वच्छ आहे, गाठ पसरलेली नाही. पाय वाचवायचा पूर्ण प्रयत्न करू. मालिश मात्र बंद."

केमोथेरपी, शस्त्रक्रिया, पुन्हा केमोथेरपी. रश्मीचे केस गेले, आले ते कुरळे होऊन. हाडाचा आजारी भाग काढून तिथे धातूचा सांधा बसला.

आजच्या तपासणीत सगळं स्वच्छ निघालं. मी जाड फाइलच्या तळाशी आहे. वरच्या नव्या फिल्मवर तो धातू लखलखतोय. दिसायला ती माझ्यापेक्षा देखणी, हे मान्य.

"हळू गं," मीराबाई ओरडतायत.

"आई, तूच मागे पडतेस."

वाचकहो, वाढत्या वयातलं मूल दुखतंय म्हणत राहिलं, तर एकदा पाहून थांबू नका, पुन्हा दाखवा. एवढंच मागणं. आता निरोप घेते. रश्मी फाइल काखोटीला मारून जिना उतरतेय, कठडा न धरता.