आता दुसऱ्याला दे

मित्रांनो, मला स्वतःचा चेहरा नाही. मी दुसऱ्यांच्या चेहऱ्यावर राहत आलो. मी एक जुना व्हीआर हेडसेट आहे. पुढे काळं खोकं, आत दोन भिंगं, मागे ताणला जाणारा पट्टा आणि शेपटीसारखी लांब वायर, एवढाच मी. मला डोळ्यांवर बांधलं की समोरची खोली नाहीशी होते आणि दुसरीच खोली दिसू लागते. माझ्याबरोबर दोन रिमोट आहेत. ते हातांत धरले की त्या दुसऱ्या खोलीत दोन राखाडी हात दिसतात.

माझा जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला. तिथलं मला काहीच आठवत नाही. माझी आठवण सुरू होते ती उत्तरा मावशींच्या कपाळापासून. त्या कपाळाला बामचा वास होता.

उत्तरा मावशी मूळच्या नागपूरच्या. अमेरिकेत, ईडन प्रेरी या गावात तीस वर्षं त्यांनी सॉफ्टवेअरची नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर रविवारच्या मराठी शाळेत शिकवू लागल्या. मुलं वहीत अक्षरं गिरवायला कंटाळत. म्हणून मावशींनी एक वेबपेज तयार केलं, 'अक्षरांची खोली'. कुणाला काही विकत घ्यायला नको, इन्स्टॉल करायला नको. ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा आणि मला डोळ्यांवर चढवायचं.

मला घालून मावशी हवेत अक्षरं लिहीत आणि त्यांची प्रत्येक हालचाल त्या पेजमध्ये साठवली जाई. मग एखाद्या मुलाने मला घातलं की त्याला खोलीत एक पांढरा मुखवटा आणि दोन हात दिसत. धड नाही, पाय नाहीत. मुखवटा म्हणजे जिथे मी होतो ती जागा. हात म्हणजे जिथे मावशींचे रिमोट होते ती जागा. उजवा हात सावकाश 'अ' काढी आणि थांबे. मूल तो नीट गिरवेपर्यंत हवेत तसाच थांबून राही. जमलं, की मुखवटा मान डोलावी.

मी एक आणि मुलं सहा. पाळी संपली की मावशी म्हणत, "झालं ना? आता दुसऱ्याला दे."

"फाइव्ह मोअर मिनिट्स, मावशी!" कबीर हमखास ओरडे.

"तुझी पाच मिनिटं म्हणजे इथला हिवाळा आहे बाबा. संपतच नाहीत."

शेवटचं अक्षर 'ज्ञ' त्यांनी दोन हजार वीसच्या मार्चमध्ये, पहिल्या रविवारी साठवलं. पुढच्या रविवारी शाळा बंद झाली. साथ आली होती ना, तेव्हाची गोष्ट. मी कपाटात गेलो.

दीड वर्षाने मला बाहेर काढलं, तेव्हा खोलीचं दार उघडेना. मी बिघडलो नव्हतो. पेजही बिघडलं नव्हतं. पण ब्राउझरने माझ्यासारख्यांशी बोलायची जुनी रीत काढून टाकून नवी आणली होती, आणि मावशींचं पेज जुन्या रीतीचं होतं. वर्गातल्या आन्याचे बाबा, केदार काका, यांनी मावशींच्या घरातला एक जुना लॅपटॉप शोधला. त्यात जुना ब्राउझर होता. पेज त्यांनी त्यातच उतरवून घेतलं आणि ब्राउझर आपोआप अपडेट होऊ नये म्हणून लॅपटॉपचं इंटरनेटच कायमचं बंद केलं. सगळ्या जगात आता त्या एकाच लॅपटॉपवर ती खोली उघडत होती.

मावशी म्हणाल्या होत्या, बरं वाटलं की नव्या रीतीने लिहून काढते. त्यांना बरं वाटलं नाही. दोन हिवाळ्यांपूर्वी त्या गेल्या.

हात मात्र येतच राहिले.

मुलं मला घालत, आणि ते राखाडी हात पूर्वीसारखेच अक्षर काढून थांबत. चुकलं तर चिडत नसत. कुणी मध्येच मला काढून पाणी प्यायला गेलं, तर रिकाम्या खोलीत ते हात वाट पाहत थांबत. ते फक्त मला दिसत.

एक दिवस कबीर 'ज्ञ'पर्यंत पोहोचला. तोवर तिथे कुणीच गेलं नव्हतं. त्याने अक्षर गिरवलं. मुखवट्याने मान डोलावली. आणि मग त्याने कधी केलं नव्हतं ते केलं. मुखवटा आपल्या जागेवरून सुटला. दोन्ही हातांनी त्याला बाजूंनी धरलं, वर उचललं, फिरवलं आणि सरळ कबीरकडे आणलं.

कबीर किंचाळला. त्याने मला ओरबाडून काढलं आणि मी फरशीवर पडलो. माझ्या डाव्या भिंगावर तेव्हाचा ओरखडा अजून आहे. "शी वॉन्टेड माय फेस!" तो रडत सांगत होता. त्या दिवसापासून मुलं 'क्ष'ला थांबू लागली.

मित्रांनो, तो मुखवटा म्हणजे मीच होतो. त्या मार्चच्या रविवारी 'ज्ञ' लिहून झाल्यावर मावशी रेकॉर्डिंग बंद करायला विसरल्या. त्यांनी मला डोक्यावरून काढलं आणि समोर उभ्या असलेल्या पाच वर्षांच्या आन्याला घातलं. मग लक्षात आल्यावर बटण दाबलं आणि म्हणाल्या, "जाऊ दे, पुढच्या रविवारी कापून टाकू." हे मला ठाऊक होतं. पण सांगणार कशाने? मला तोंडही नाही.

गेल्या वर्षी दूरच्या एडिसन गावातल्या मराठी शाळेने खोलीची प्रत मागितली. त्याच सुमारास लॅपटॉपची बॅटरी फुगू लागली आणि कीबोर्ड पोळीसारखा वर आला. "दोन वीकएंड द्या, मी नव्या रीतीने करतो," केदार काका म्हणाले.

पद्मिनी काकूंनी त्यांना अडवलं. त्या एका कंपनीत लायसन्सचं, म्हणजे कुणी काय वापरायचं त्या परवान्यांचं, काम बघतात. "केदार, या खोलीवर लायसन्स कुठंय?"

"मावशींनी लिहिलंच नाही. म्हणायच्या, आपल्याच मुलांसाठी आहे, आपल्यात कागद कशाला?"

"तिथेच चुकतो ना आपण! काही लिहिलं नाही म्हणजे सगळ्यांना मोकळं, असं नसतं. उलट, न लिहिता सगळे हक्क करणाऱ्याचेच राहतात. आता ते नकुलचे. त्याने लिहून दिल्याशिवाय कॉपी नाही, बदल नाही."

नकुल म्हणजे मावशींचा मुलगा, दूर कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला राहणारा. केदार काकांनी त्याला फोन लावला. "नो," तो म्हणाला. "दोज आर माय मॉम्ज हँड्स, केदार. मुलं त्यांना बघून किंचाळतात, असं ऐकलंय मी. मला नकोय ते."

नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत तो आईचं घर आवरायला आला आणि रविवारी लॅपटॉप न्यायला शाळेत आला. लॅपटॉप त्याच्याबरोबर गेला की हात संपणार, हे सगळ्यांनाच कळत होतं.

"नकुल काका," आन्या म्हणाली. आता ती दहा वर्षांची होती. "नेण्याआधी एकदा बघा ना. ऑल द वे."

त्याने मला घातलं. मित्रांनो, त्याचं कपाळ थंडगार होतं. समोर मुखवटा आला, हात आले. हाताने 'अ' काढला आणि थांबला. लहानपणी तो आईला इंग्रजीतच उत्तरं देई. त्याची अक्षरं वाकडी येत होती. 'झ' पाच वेळा चुकला. हात थांबून राहिला. सहाव्यांदा मुखवट्याने मान डोलावली, तेव्हा माझ्या आतला फोम ओला झालेला मला जाणवला.

पाऊण तासाने 'ज्ञ' आला. मुखवटा सुटला आणि त्याच्याकडे निघाला. नकुलने मला काढायला हात वर नेला.

"काढू नका!" आन्या ओरडली. ती लॅपटॉपच्या पडद्यावर तेच पाहत होती. "खाली बसा. गुडघ्यांवर. इट्स टू लो फॉर यू. हेडसेट आहे तो, मावशी लहान मुलाला देतायत!"

तो गुडघ्यांवर बसला. मुखवटा खाली खाली आला आणि बरोबर त्याच्या चेहऱ्यावर बसला. मग दिसेनासा झाला, कारण आता तो आतून पाहत होता. राहिले फक्त दोन हात. ते जवळ आले, त्याच्या कानांपाशी गेले, केस बाजूला करावेत तसे हलले आणि डोक्यामागे जाऊन हळूच काहीतरी ओढलं. तो माझा पट्टा होता. मग हात मागे सरले आणि सगळं थांबलं.

नकुलने पट्टा सैल केला.

"मी स्कूल बसला जायचो," मला काढताना तो म्हणाला, "तेव्हा टोपी अशीच घालायची ती. आधी केस कानामागे. रोज." मग त्याने मला आन्याच्या हातात दिलं आणि खोलीत पाहत विचारलं, "पाळी संपली की ती काय म्हणायची?"

"आता दुसऱ्याला दे!" मुलं एका सुरात म्हणाली. कबीरचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

"लिहून देतो," नकुल म्हणाला. "कुणीही घ्या, बदला, पुढे द्या. तिचं नाव राहू द्या. आणि शेवट कापायचा नाही."

"अशी अट घातली तर ते पूर्ण मोकळं राहत नाही," पद्मिनी काकू हळूच म्हणाल्या.

"मग विनंती म्हणून लिहा."

तसंच लिहिलं आहे, पेजच्या तळाशी. पाहिजे तर वाचा.

केदार काकांना दोन नाही, सहा वीकएंड लागले. आता ती खोली नव्या ब्राउझरमध्ये, नव्या हेडसेटवर उघडते. माझ्यावर उघडत नाही. मला पुन्हा कपाटात ठेवलंय. पण एडिसनमध्ये एखादं मूल 'ज्ञ' पुरा करतं, तेव्हा मावशींचे हात मला उचलतात आणि मी त्याच्याकडे निघतो. त्या मुलाला मी कधी पाहिलेलं नाही. मी इथे अंधारात, वायर गुंडाळून पडलेला असतो. आणि तिथेही असतो.

मित्रांनो, तुम्ही काही केलंत आणि ते इतरांच्या उपयोगी पडावं असं तुम्हाला वाटलं, तर तसं त्यावर लिहून ठेवा. आपल्यात कागद कशाला, असं म्हणू नका. तुम्ही नसताना तुमच्या वतीने बोलायला तेवढंच उरतं.

आणि कधी त्या खोलीत गेलात, मुखवटा तुमच्याकडे येऊ लागला, तर किंचाळू नका. थोडं खाली बसा. पट्टा घट्ट होईपर्यंत थांबा. मग मान वळवून पाहा, तुमच्या मागे कोण उभं आहे पाळीची वाट पाहत.