अर्धी ओळ

शिवणाऱ्या बाईनं दातानं दोरा तोडला आणि खुर्चीवरचे कापडाचे तुकडे उचलून पाहुण्याला जागा करून दिली. चहाचं मात्र विचारलं नाही. गाण्यांच्या कंपनीचा अधिकारी होता तो, चोरीचं गाणं हुडकत आलेला. त्याला कसला चहा!

"गाणं नेटवरून फुकट उतरवलंत, हे कबूल?"

"कबूल. आधी दुकानं पालथी घातली, साहेब. तुम्ही ते विकणंच बंद केलंय."

"विकायचं की नाही, ते कंपनी ठरवेल."

"म्हणजे स्वतः वाजवायचं नाही आणि दुसऱ्यालाही वाजवू द्यायचं नाही!"

त्यानं हातातला टॅबलेट पुढे धरला. "तुम्ही आमच्याच प्लेअरवर ते लावता. रोज सकाळी. अर्ध्या ओळीवर थांबवता, मागे नेता, पुन्हा तिथंच थांबवता. नक्की करता काय? नक्कल?"

तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. दाराला कडी, खिडकीला पडदा, आणि हा बाबा रोज उशाशी बसल्यासारखा बोलत होता.

"आमच्या घरात कान लावायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

"प्लेअरच्या अटींत लिहिलेलं असतं, ताई. तुम्ही 'मान्य' दाबलंय."

ती सुईत दोरा ओवायला लागली. मग त्यानंच हात लांब करून मशीनशेजारच्या संगणकावर गाणं सुरू केलं, आणि ती थांबवायची तिथंच थांबवलं.

"घाट सरला..."

आतल्या खोलीतून जाड, अडखळता आवाज आला, "दिवा दिसे."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिनं सगळं सांगून टाकलं. तिचा नवरा बसवर कंडक्टर होता. त्याच्या हाकेनं पेंगलेली माणसं खडबडून उठायची. वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि वाचा गेली. पाणी हवं असलं तरी शब्द फुटेना. पण तरुणपणी आवडलेल्या या गाण्याची अर्धी ओळ लावली, की उरलेली अर्धी आपसूक बाहेर यायची. हाच धागा धरून ठेवा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

अधिकाऱ्याचा चेहरा एकदम खुलला.

"अहो, हे तर सोनं आहे! आमची माणसं येतील, छोटंसं चित्रण करतील. आमच्या गाण्यानं वाचा परत आली म्हणून. तक्रार रद्द, गाणं कायमचं तुमचं."

गाणं गेलं तर ती अर्धी ओळही जाणार होती. पण वाकडं तोंड दिसू नये म्हणून नवऱ्यानं सख्ख्या भावालाही दारातून परत पाठवलं होतं, हात हलवून, डोळे मिटून.

"ह्यांना कॅमेऱ्यासमोर बसवणार नाही."

"मग गाणं पुसावं लागेल. नीट विचार करा."

"केला."

तिनं त्याच्या देखत गाणं पुसलं. त्यानं न सांगताच प्लेअरही काढून टाकला.

"गाणं तुमचं होतं, घेऊन जा. घर माझं आहे. पुन्हा त्यात नाक खुपसायचं नाही."

तो गेल्यावर तिनं दाराला कडी घातली. नवऱ्याची वाचा पुन्हा गेली, आणि ह्या वेळी आपल्याच हातानं, या विचारानं तिला रडू फुटलं. पदरानं तोंड पुसून ती आत गेली आणि पलंगाच्या कडेला बसली. जन्मात कधी ती गायली नव्हती. घसा खाकरून तिनं सुरुवात केली,

"घाट सरला..."

नवऱ्यानं कपाळाला आठ्या घातल्या. चांगल्या हातानं गादीवर चापट मारली. ओठ कितीतरी वेळ जुळत, सुटत राहिले.

"बे... सूर," तो म्हणाला.

हा शब्द त्या गाण्यात कुठंच नव्हता.

तिनं त्याच्याकडे टक लावून पाहिलं. मग उठून खिडकीचा पडदा नीट ओढून घेतला आणि तीच अर्धी ओळ आणखी बेसूर, आणखी मोठ्यानं म्हटली.